माउलींनी आखलेली बाग

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥

सज्जनहो, परमार्थाला जागा लागते की नाही, हा वाद जुना आहे. एक पक्ष म्हणतो, देव चराचरात भरलेला आहे. मग अमुक ठिकाणी बसावे, तमुक ठिकाणी बसू नये, ही उठाठेव कशाला? भर बाजारात घेतले तरी नाम ते नामच. दुसरा पक्ष म्हणतो, मन हे नव्या खोंडासारखे आहे, त्याला आधी दाव्याची सवय लागावी लागते. म्हणून निवांत ठिकाण हवे. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत. वारीच्या वाटेवर लाखांच्या गर्दीत, टाळमृदंगाच्या गजरात ज्याचे चित्त ठरते, त्याला स्थळाची गरज नाही. पण आषाढीची पायी वारी ती किती दिवसांची? तीन आठवडे धरा. उरलेल्या वर्षात आपण प्रापंचिकांनी बसायचे कुठे? प्रस्तुत लेखात याच गोष्टीचा विचार करू.

याला निमित्त घडले ते असे. वसईजवळच्या भुईगावातील एका माळकरी गृहस्थांनी आम्हांला एक प्रश्न घातला. वडिलार्जित वाडी असलेले, पंढरीची वारी न चुकविणारे हे गृहस्थ. ते म्हणाले, "बुवा, आमच्या वाडीत विहीर आहे, बावखल आहे, नारळ, केळी, चाफा, थोडा मोगरा आहे. मुलं म्हणतात, वाडीत आता काही राहिलं नाही. परवा शहरातले एक जण नकाशा घेऊन आले. म्हणाले, बावखल बुजवा, त्यावर हिरवळ करा, मध्ये कारंजं घाला, ध्यानाला बसायला संगमरवरी ओटा बांधा, समोर एक मोठी मूर्ती बसवा, रात्री दिवे सोडा. मुंबईची माणसं शनिवार-रविवार शांती घ्यायला येतील. तिकीट लावा. आता तुम्हीच सांगा, वाडी विकण्यापेक्षा हे बरं नाही का? लोकांना शांती मिळाली तर पुण्यही पदरात पडेल."

प्रश्न वरवर बागेचा दिसतो, पण त्यात पोटाची काळजी आहे, पुण्याची इच्छा आहे आणि वडिलांनी राखलेली जमीन आहे. म्हणून त्याला घाईने उत्तर देणे बरे नव्हे.

देशावरच्या वारकऱ्यांसाठी आधी भुईगावची थोडी ओळख करून देतो. वसईच्या पश्चिमेला समुद्रकाठी जी गावांची माळ आहे, तिच्यातले हे एक गाव. किनाऱ्यावर सुरूचे बन, त्याच्या अलीकडे वाड्या. वाडी म्हणजे नुसते शेत नव्हे आणि नुसता बगीचाही नव्हे. घर, अंगण, विहीर, भाजीचे वाफे, केळी, नारळ, पानवेल आणि फुलझाडे एकाच कुंपणात नांदतात, ती वाडी. पूर्वी विहिरीवर रहाट फिरे आणि पाटाने पाणी आळ्याआळ्यात जाई. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली वसईची सुकेळी आपल्यापैकी पुष्कळांनी उपासाला खाल्ली असतील. इथली फुले टोपल्यांत भरून पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जातात. मुंबईच्या कितीतरी देव्हाऱ्यांतील देवांना वसईच्या वाडीतले फूल चढत आले आहे, आणि देवाला फूल वाहणाऱ्याला त्या वाडीचे नावही ठाऊक नसते.

या भूमीला साधनेची ओळख नवी नाही. जवळच सोपारे आहे. तेथला बौद्धांचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकलला. जवळच निर्मळ आहे, तेथे शंकराचार्यांचे समाधिमंदिर आहे, आणि तेथली यात्रा कार्तिक वद्य एकादशीला सुरू होते. तीच आपली आळंदीची एकादशी. एका तिथीला इंद्रायणीकाठी माउलींचा सोहळा आणि वसईच्या किनारी निर्मळची यात्रा! भुईगाव परिसरात हिंदू आणि ख्रिस्ती शेजारीशेजारी वाड्या कसतात; विहिरीचे पाणी दोघांचे एकच.

आता प्रश्नाकडे वळू. शोभेची बाग करणे ही मोठी कला आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. पुण्याला एम्प्रेस बागेत जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते, ते पाहून कोणाचे मन प्रसन्न होत नाही? विलायतेत लंडन शहरी चेल्सी येथे १९१३ सालापासून असे प्रदर्शन भरत आले आहे. मोकळ्या मैदानावर थोड्या आठवड्यांत माती, दगड आणि मोठमोठी झाडे आणून बाग उभी करतात. परीक्षक येतात, पदके देतात. चार-पाच दिवस लोक पाहतात, आणि मग सगळे उचलून नेतात. कोणी म्हणेल, हा खर्च फुकट. पण तसेही नाही. अलीकडे त्यांतल्या बऱ्याच बागा प्रदर्शनानंतर दुसरीकडे नेऊन कायमच्या लावतात. २०२३ साली जी बाग पहिली आली, ती पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णांसाठी आखलेली होती आणि पुढे ती शेफील्डच्या रुग्णालयासाठी गेली. तिच्यातल्या वाटा अशा, की चाकाच्या खुर्चीवर बसलेल्याला किंवा खाटेवर निजलेल्यालाही धक्का न बसता झाडांपर्यंत जाता यावे. आखणाऱ्याने आधी दुखणाइताच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, हे त्या बागेचे खरे भूषण.

झाडांच्या सहवासाने माणसाला बरे वाटते, याला वैद्यकाचीही साक्ष आहे. अमेरिकेत रॉजर उल्रिक नावाच्या संशोधकाने १९८४ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जबर औषधेही कमी लागली. २३-२३ जणांच्या जोड्या लावून केलेले हे निरीक्षण. आपल्या तुकोबांनी झाडाझुडपांना नातलग म्हटले, ते काही केवळ काव्यासाठी नव्हे.

पण भाविकहो, बरे वाटणे वेगळे आणि मन ठरणे वेगळे. थंडगार सरबत प्यायल्यानेही बरे वाटते. घटकाभराने पुन्हा तहान लागतेच. बागेने बरे वाटेल. पण ज्या बागेत मन ठरेल ती कशी असावी? याचे उत्तर नकाशावाल्याकडे मागण्याआधी आपण आपल्या घरी पाहू. माउलींनी ही बाग शके १२१२ मध्येच आखून ठेवली आहे.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडा. गीतेच्या मूळ श्लोकात भगवंत अर्जुनाला एवढेच सांगतात, की शुद्ध जागी आपले आसन मांडावे. एका शब्दात 'शुद्ध जागा' म्हणून श्लोक पुढे जातो. पण माउली थांबतात. ती शुद्ध जागा कशी, हे ते ओवीमागून ओवी सांगत जातात. जणू अर्जुनाचा हात धरून त्याला त्या बागेतून फिरवून आणतात. त्या ओव्यांचा आशय आम्ही आमच्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट, माउली त्या जागेची लांबीरुंदी सांगत नाहीत, तिचा परिणाम सांगतात. सहज दमून टेकलेल्या माणसाला तेथून उठावेसे वाटत नाही. ती जागा पाहिली की वैराग्याला दुप्पट बळ येते. अभ्यास आपण करायचा नसतो, तोच येऊन आपल्याला धरतो. आणि पुढे मौज पाहा. वाटेने एखादा पाखंडी चालला असेल, तर त्यालाही वाटावे की येथे तप करावे. एखादा विषयी, रंगेल माणूस चुकून आला, तर त्याला परत जायची आठवण राहू नये. एखाद्या राजाने पाहिली, तर त्याला वाटावे की राज्य सोडून येथेच गुपचूप राहावे. बागेची ही परीक्षा! येथे पदक नाही, परीक्षक नाही. जो येईल त्याच्या आत काय घडते, एवढेच पाहायचे.

दुसरी गोष्ट झाडांची आणि पाण्याची. झाडे मुळापासून गोड, सदा फळणारी, दाट असावीत. पाणी पावलापावलावर असावे, आणि पावसाळ्यातही ते गढूळ नसावे. ऊन असावे, पण सौम्य. वारा असावा, पण मंद.

तिसरी गोष्ट शांततेची. बहुतेक निःशब्द असावे. श्वापदांची दाटी नको. पोपटांचा कलकलाट नको, भुंग्यांचा गुंजारवही नको. पाण्याच्या आश्रयाने राहणारे हंस, दोनचार सारस असले तर असोत. केव्हा एखादी कोकिळा येऊन बसली तरी चालेल. मोर नेहमी नकोत. पण आले गेले तर माउलींची ना नाही! काय हे ममत्व! स्थळ निवडतानाही कोणाचे मन मोडायचे नाही. मोराला हाकलायचे नाही, आणि मोर पाळून त्याचा खेळही मांडायचा नाही.

आणि शेवटची गोष्ट. तेथे एखादा गुप्त मठ असावा किंवा शिवालय असावे. गुप्त, म्हणजे दुरून न दिसणारा. या दोहोंपैकी चित्ताला जे मानेल तेथे एकांतात बसावे. मन तेथे राहते की नाही ते पाहावे, आणि राहिले तर आसन मांडावे.

आता हा आराखडा आणि त्या नकाशावाल्याचा आराखडा शेजारी ठेवून पाहा. नकाशात प्रत्येक ठिकाणी काहीतरी आणून ठेवायचे आहे. माउलींच्या बागेत मात्र पुष्कळ गोष्टी 'नकोत' म्हणून सांगितल्या आहेत. नकाशातली मूर्ती दुरून दिसण्यासाठी मोठी आहे. माउलींचे शिवालय झाडीत लपलेले आहे. नकाशातली बाग पाहणाऱ्यासाठी केलेली आहे. माउलींची बसणाऱ्यासाठी. पाहणारा एक पाहून झाले की दुसरे मागतो. त्याला दर वर्षी नवे कारंजे लागते. बसणाऱ्याला काल होते तेच आज असले तर बरे वाटते.

आणि आम्ही त्या गृहस्थांना विचारतो, की माउली, यांतले तुमच्या वाडीत काय नाही? मुळापासून गोड झाडे म्हणजे केळी-नारळ झालेच. सौम्य ऊन म्हणजे झावळ्यांतून गाळून आलेले ऊन. मंद वारा समुद्राचा, सुरूच्या बनातून वेग मोडून आलेला. दोनचार सारस नसतील, पण बावखलाच्या काठी बगळा एका पायावर उभा असतोच. त्याला पाहून आपल्याला विटेवरच्या समचरणाची आठवण व्हावी, इतके का आपण वारकरी नाही? आणि पावलापावलावर पाणी म्हणजे दुसरे काय? विहीर आणि बावखल. नकाशावाला जे बुजवा म्हणतो, तेच तर माउलींच्या बागेचे हृदय आहे.

हे बावखल प्रकरण नीट समजून घेतले पाहिजे, कारण भुईगावचा खरा प्रश्न येथे आहे. वसईच्या वाड्यांमधून पूर्वजांनी ही छोटी तळी राखली. पावसाचे पाणी त्यांत साठते आणि हळूहळू जमिनीत मुरते. समुद्रकाठच्या रेताड जमिनीत खाली खारे पाणी असते. गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्यावर तरंगून राहते. वरून पावसाचे पाणी मुरत राहिले, तर गोड्या पाण्याचा दाब खाऱ्याला खाली आणि दूर ठेवतो. मुरणे बंद झाले आणि वरून मोठे पंप लावून उपसा सुरू झाला, की गोडे पाणी सरते आणि खारे वर चढते. एकदा विहीर खारी झाली, की केळ करपते, चाफा वाळतो, तुळसही तग धरत नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस वसईच्या विहिरींचे पाणी टँकर भरभरून नेले जात होते आणि गावोगाव हे दुःख लोकांनी भोगले. तेव्हा हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. पुढे २०२० साली ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ च्या जुलैत निवर्तले. धर्माने ख्रिस्ती, पण पाणी आणि झाडे वाचविण्यात त्यांनी सगळ्यांचे मानून काम केले. ज्याने गावाची विहीर गोडी राहावी म्हणून देह झिजविला, त्याला वारकऱ्याने हात जोडलेच पाहिजेत.

आता हिशेब करा. बावखल बुजविले, म्हणजे मुरणारे पाणी गेले. त्यावर हिरवळ केली, म्हणजे तिला उन्हाळ्यात रोज पाणी आले. कारंजे घातले, म्हणजे पंप आला. पाणी देणारे मोडायचे आणि पाणी पिणारे बसवायचे, आणि त्या जागेला शांतीची बाग म्हणायचे! चार वर्षांनी विहीर खारी झाली, की शेजाऱ्याचीही होणार. कारण जमिनीखाली कुंपण नसते. शेजाऱ्याच्या अंगणात खारे पाणी उतरवून आपण ओट्यावर डोळे मिटून बसलो, तर तो देव आपल्यासमोर कसा उभा राहील?

येथे पारिजातकाची कथा आठवते. झाड सत्यभामेच्या अंगणात लावलेले, पण फुले मात्र रुक्मिणीच्या अंगणात पडत. कीर्तनात ही कथा आपण हसण्यासाठी ऐकतो. तिच्यातला अर्थ मात्र बागवानाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. चांगल्या बागेचे फूल कुंपणापलीकडे पडते. आपल्या बावखलात मुरलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत निघाले, तर तो आपला पारिजातक समजावा.

कोणी म्हणेल, "बुवा, तुम्ही योग्यांच्या आसनाची गोष्ट सांगता. आम्ही कष्टकरी. आम्हांला झाडाखाली बसायला वेळ कुठे?" याला उत्तर आमचे नाही, सावता महाराजांचे आहे. अरणचे सावतोबा जातीने आणि कामाने माळी. माळवे पिकवायचे, मोट चालवायची, तण काढायचे. त्यांनी बागेत ध्यानासाठी वेगळा ओटा बांधला नाही. जेथे खुरपे चालले तेथेच ध्यान लागले. मळ्यातल्या भाजीतच त्यांना विठाई दिसली. त्यांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले, म्हणून आज आपल्या हाती आहेत. महिपतीबुवांनी भक्तविजयात जी कथा वर्णिली, ती सर्वांना ठाऊक आहे. देव स्वतः मळ्यात आले आणि सावतोबांनी त्यांना आपल्या उदरात लपविले. नामदेवराय देवाला शोधीत फिरू लागले. शके १२१७ च्या आषाढ वद्य चतुर्दशीला महाराजांनी देह ठेवला. आजही आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात. पण सावतोबांच्या भेटीला मात्र पांडुरंगाची पालखी अरणला जाते. असा मान कोणत्या शोभेच्या बागेला मिळाला? त्या मळ्यात पाहण्यासारखे काय होते? कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर. देव ते पाहायला आला नाही. ज्याचे हात मातीत आणि चित्त आपल्या ठायी आहे, त्याला भेटायला आला.

म्हणून ध्यानाची बाग आखताना एक मर्म ध्यानी ठेवावे. बागेत येणाऱ्याला नुसते बसवू नका, त्याला काहीतरी करू द्या. शहरातून थकून आलेल्या माणसाला पाच मिनिटे डोळे मिटायला सांगितले, तर त्याच्या डोक्यात कचेरी फिरू लागते. त्यालाच सांगा, "एवढी दहा आळी भिजवून द्या." पाणी पाटातून कसे जाते हे पाहता पाहता त्याचे मन पाण्यामागे जाते. बाराव्या अध्यायात माउलींनी हाच दृष्टांत दिला आहे. माळी नेईल तिकडे पाणी निमूट जाते. साधकाने तसे व्हावे. केळीकडे वळविले तर केळीकडे, तुळशीकडे वळविले तर तुळशीकडे. मी मोठ्या झाडाकडेच जाईन, असा त्याचा हट्ट नाही. हा दृष्टांत शंभर वेळा वाचलेला असतो. पण हातात फावडे घेऊन एकदा पाट मोडला आणि पाणी वळताना पाहिले, म्हणजे तो मुरतो. बावखलात पाणी मुरते तसाच.

दुसरी शंका अशी येते, की बागेच्या नादाने माणूस बागेतच गुंतला तर? शंका योग्य आहे. भागवतातला भरत राजा आठवा. राज्य सोडले, पुत्र-कलत्र सोडले, गंडकीच्या काठी आश्रम केला. झाडे होती, पाणी होते, एकांत होता. माउलींनी सांगितलेले बहुतेक सगळे तेथे होते. पण एका हरिणाच्या पाडसात जीव अडकला आणि पुढचा जन्म हरिणाचा आला. यावरून काय शिकायचे? पाडसाला वाचविले, हा दोष नव्हे. दया हा तर संतांचा धर्म. ते 'माझे' झाले, हा दोष. बागेचेही तसेच आहे. माझा चाफा, माझी बाग, माझ्या बागेला इतके लोक आले, अशी मोजदाद सुरू झाली की ओटा कितीही संगमरवरी असो, त्यावर अहंकारच बसतो. याला उपाय आपल्या संप्रदायात सोपा आहे. पहाटेचे पहिले फूल देवाचे. ते खुडताना म्हणावे, बाग तुझी, मी चाकर. चाकराला मोजदाद नसते, त्याला हजेरी असते.

तिसरी शंका पोटाची. "उपदेश गोड आहे, पण मुलांनी खायचे काय?" ही शंका हसण्यावारी नेणारा प्रवचनकार खरा नव्हे. तुकोबांनी दुष्काळात घरची माणसे गमावली होती, त्यांना भूक ठाऊक होती. आमचे म्हणणे असे. फूल विकणे, केळी विकणे, सुकेळी करून विकणे हा वाडीचा धर्मच आहे. त्यात कमीपणा नाही. वाडीत चार माणसे राहायला, जेवायला आली आणि त्यांच्याकडून जेवणाखाण्याचे व राहण्याचे पैसे घेतले, तरी दोष नाही. कष्टाचे मोल ते कष्टाचे मोल. मात्र शांती विकतो, असे पाटीवर लिहू नये. भात आपण शिजविलेला असतो, त्याचे पैसे घ्यावेत. शांती आपण केलेली नसते. ती देवाची. तिची किंमत लावणारे आपण कोण?

आता वाडीची बाग कशी आखावी, हे थोडक्यात सांगून टाकतो. कारण प्रश्न विचारणाऱ्याला नुसते तत्त्व देऊन परत पाठविणे बरे नव्हे. बावखलाला हात लावू नये. उलट पाऊस लागण्यापूर्वी त्यातला गाळ काढावा आणि तो केळीच्या बुंध्याशी घालावा. हिरवळीचा मोह टाळावा. पालापाचोळा आळ्यांत पसरावा, म्हणजे पाणी कमी लागते. आत येण्याची वाट केळीच्या दाटीतून थोडी वळणावळणाने न्यावी, म्हणजे चालणाऱ्याची पावले आपोआप मंद होतात. पण ती सपाट आणि चिखलाविना असावी, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्यांनाही येता यावे. वाटेच्या शेवटी, दुरून दिसणार नाही अशा जागी, तुळशीवृंदावन असावे आणि त्याच्यासमोर शेणाने सारवलेले थोडे अंगण. मोठी मूर्ती नको. घरच्या देव्हाऱ्यातला विठोबा एकादशीला तेथे आणून भजन करावे. कर्णा नको, टाळ-मृदंग पुरे. रात्री दिव्यांची रोषणाई नको, एक पणती पुरे, म्हणजे पाखरांची झोप मोडणार नाही. आणि आठवड्यातून एक दिवस शेजाऱ्यांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आणि शाळेच्या मुलांना फाटक उघडे असावे. एवढे केले, की भुईगावच्या वाडीतले दोन गुंठेही माउलींच्या मापाला उतरतील.

काही वाचक मनात म्हणत असतील, ज्याला वाडी आहे त्याने हे वाचावे. आम्ही चाळीत, इमारतीत राहणारे, आमच्याकडे मातीच नाही. त्यांना आम्ही पंढरीच्या वाटेकडे पाहा असे सांगतो. पंढरपुरात यमाई तलावाकाठी वनखात्याने तुळशीवृंदावन उभे केले आहे. यात्रेला गेलात तर जरूर पाहा. पण त्याहून जुने वृंदावन दिंडीतच चालत असते. डोक्यावर तुळस घेऊन चालणारी एखादी म्हातारी आजी पाहा. पायांत फुफाटा, वर ऊन, बाजूला मोटारींचा धूर. डोक्यावर मात्र ओंजळभर माती आणि तिच्यात एक हिरवे रोप. विसाव्याला टेकली, की ती आधी तुळशीला पाणी घालते आणि मग स्वतः पिते. माउलींच्या बागेचा जो मुख्य गुण, की जवळ बसणाऱ्याचे मन ठरावे, तो त्या ओंजळभर मातीत पुरता आहे. तिच्या शेजारी घटकाभर बसून पाहा, उठवत नाही.

तेव्हा ज्याला वाडी आहे त्याने वाडी राखावी, विहीर गोडी राखावी. ज्याला गॅलरी आहे त्याने एका डब्यात तुळस लावावी आणि स्वतः पाणी पिण्याआधी तिला घालावे. ज्याला तेवढीही जागा नाही, त्याने दुसऱ्याच्या झाडाला तांब्याभर पाणी द्यावे. या सर्वांकडून अशी सेवा घडो आणि प्रत्येकाच्या घरी माउलींच्या बागेचा एक तरी कोपरा नांदो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल. रामकृष्णहरि.